बाळाची झोप मध्येच बिघडते तेव्हा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार सारखी असते : बाळ बरं झोपत होतं आणि एकाएकी झोपेनासं झालं. इंटरनेटवर याला ‘स्लीप रिग्रेशन’ म्हणतात. साधारण चौथ्या महिन्यात, मग आठव्या ते दहाव्या महिन्यात आणि पुढे वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान हे घडतं. बहुतेक वेळा ते दोन ते सहा आठवड्यांत आपोआप निवळतं. काही बाळांच्या बाबतीत ते घडतही नाही. या दिवसांत आईवडिलांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात असं आम्हाला कळकळीनं वाटतं. एक, आजार नाही ना, हे पाहणं. दुसरी, चार रात्री निभावण्यासाठी अशी कुठलीही नवी सवय न लावणं, जी पुढे सहा महिने चालवायची आपली तयारी नाही.

प्रश्न : माझी मुलगी सव्वाचार महिन्यांची आहे. तिसऱ्या महिन्यात रात्री सलग पाच तास झोपायची. पंधरा दिवसांपासून दर दीड-दोन तासांनी उठते आणि अंगावर घेतल्याशिवाय झोपत नाही. सासूबाई म्हणतात, दूध पुरत नाही, आता पेज सुरू कर. खरंच दूध कमी पडतंय का? — एक आई, सातारा

उत्तर : दूध पुरतंय की नाही हे रात्रीच्या जागरणावरून ठरवू नका. ते दोन गोष्टींवरून कळतं : वजन आणि लघवी. चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा भरपूर शू होत असेल आणि वजनाची रेघ तक्त्यावर वर चढत असेल, तर दूध पुरतंय. पेज, सेरेलॅक, नाचणी सत्त्व यांपैकी काहीही सहा महिन्यांआधी देऊ नका. जड अन्नानं बाळ जास्त झोपतं ही समजूत जुनी आहे. ते अन्न दुधाची जागा मात्र घेतं आणि जुलाबाचा धोका वाढवतं.

मग झालं काय? नवजात बाळाची निम्मी झोप ही चळवळी झोप असते. त्यात बाळ हसतं, ओठ हलवतं, कण्हतं, हातपाय उडवतं. तीन-चार महिन्यांच्या सुमारास मेंदू झोपेची नवी रचना उभी करतो. हलकी झोप, गाढ झोप, स्वप्नांची झोप असे टप्पे वेगळे होतात आणि झोप पाऊण ते एक तासाच्या फेऱ्यांत चालते. दोन फेऱ्यांच्या सांध्यावर प्रत्येकाला किंचित जाग येते. आपण कूस बदलतो आणि सकाळी ते आठवतही नाही. बाळाला त्या सांध्यावर पुन्हा झोपायचं कसं, हे अजून येत नाही. डोळा लागताना ती आईच्या कुशीत दूध पीत होती आणि जाग आली तेव्हा गादीवर एकटी आहे, म्हणून ती पहिली स्थिती परत मागते. पहिले दोन-तीन तास बरे जातात, कारण गाढ झोप रात्रीच्या सुरुवातीला जास्त असते. मध्यरात्रीनंतर झोप हलकी होत जाते, म्हणून उठणंही तेव्हाच वाढतं.

दुसरं एक कारण याच वयात जोडीला येतं. चार महिन्यांचं बाळ दिवसा दूध पिताना इकडेतिकडे पाहतं. टीव्ही, शेजारीण, पंखा, सगळं बघायचं असतं. दोन घोट घेऊन तोंड फिरवतं आणि उरलेली भूक रात्री भागवतं. यावर उपाय दिवसा करायचा. दर अडीच-तीन तासांनी, पडदा ओढलेल्या शांत खोलीत, मोबाइल बाजूला ठेवून पाजा. हा एवढा बदल केल्यावर रात्रीची एखादी खेप चार-पाच दिवसांत कमी होताना दिसते.

रात्री बाळ हललं की लगेच उचलू नका. मिनिट-दीड मिनिट नुसतं पाहा. डोळे मिटलेले असतील आणि नुसतं कुरकुरत असेल, तर ते झोपेतच आहे. उचललं तर आपणच त्याला जागं करतो. डोळे उघडे असतील, तर छातीवर हात ठेवून हळूच थोपटा. रडणं वाढलं तर उचला. मागच्या पाजण्याला अडीच-तीन तास झाले असतील, तर बेधडक पाजा. या वयात रात्री एक ते तीन वेळा दूध लागणं अगदी साहजिक आहे. मोठा दिवा लावू नका, बोलू नका. लंगोट किंवा डायपर शी झाली असेल किंवा चिंब असेल तरच बदला.

आता सवयीचं. दिवसातून एकच वेळ निवडा, रात्री पहिल्यांदा झोपवण्याची. तेव्हा झोपेचा जोर सर्वांत जास्त असतो, म्हणून शिकणं सोपं जातं. पाजताना चोखणं मंदावलं की स्वच्छ करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत सारून पकड सोडवा, ढेकर काढा आणि डोळे पेंगुळलेले पण पूर्ण मिटलेले नसताना गादीवर उताणं ठेवा. हात छातीवर तसाच राहू द्या. रडली तर उचला, शांत करा, पुन्हा ठेवा. दहा मिनिटांत जमलं नाही तर नेहमीप्रमाणे पाजून झोपवा आणि दुसऱ्या दिवशी परत करून पाहा. पहाटे तीनला हा प्रयोग करू नका; तेव्हा झोपेचा जोर ओसरलेला असतो, सगळेच थकलेले असतात, आणि यश येत नाही.

दिवसा ती सलग किती वेळ जागी राहते याकडेही लक्ष द्या. या वयात दीड ते दोन तास पुरे. त्याहून जास्त ताणलं की बाळ अतिथकतं, अंग ताठ करतं, झोपायलाच तयार होत नाही. ‘दिवसा जागवलं की रात्री झोपेल’ हा सल्ला या वयात उलटा पडतो. चार ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवस-रात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते.

प्रश्न : नातू पाच महिन्यांचा आहे. रात्री फार किरकिर करतो. आमच्याकडे पूर्वी जायफळ उगाळून चाटवायचे, डोक्याखाली राईची उशी द्यायचे आणि साडीच्या झोळीत झोपवायचे. सून नको म्हणते. आमची मुलं याच पद्धतीनं वाढली. — एक आजी, लातूर

उत्तर : आजी, तीनही गोष्टींचं उत्तर वेगवेगळं आहे.

जायफळ देऊ नका, यात सून बरोबर आहे. जायफळानं गुंगी येते ती त्यातल्या मेंदूवर काम करणाऱ्या द्रव्यामुळे. सहाणेवर चार वळसे की दहा, यावर मात्रा ठरते आणि ती रोज वेगळी पडते. जास्त झालं तर बाळ नुसतं झोपत नाही. ते मलूल होतं, दूध पीत नाही, ठोके वाढतात, कधी उलट फार चिडचिडं होतं. सहाण आणि पाणी यांतून जंतू जाऊन जुलाब होतात ते वेगळंच. गुटीसोबत मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. मधातल्या एका जिवाणूमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. आणि जायफळाऐवजी सर्दीचं झोप आणणारं औषध हा काही आधुनिक पर्याय नाही. त्यानं लहान बाळाचा श्वास मंदावू शकतो.

राईची उशीही नको. वर्षाच्या आत कोणतीच उशी नको. उशीनं हनुवटी छातीकडे झुकते, बाळ वळलं तर नाक तिच्यात दबतं. डोकं गोल राहावं ही तुमची काळजी खरी आहे. त्यासाठी जागेपणी पालथं खेळवा, दिवसभरात थोडं थोडं करून निदान अर्धा तास, आणि झोपवताना रोज डोक्याची बाजू बदला.

झोळीबद्दल आम्ही इतकं ठाम ‘नाही’ म्हणत नाही. कोणीतरी मोठं माणूस शेजारी बसलं असेल, तर शांत करण्यासाठी थोडा वेळ झोका द्यायला हरकत नाही. पण डोळा लागला की काढून सपाट, घट्ट गादीवर उताणं ठेवा. झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. आणि तुमचा नातू पाच महिन्यांचा आहे. हातांवर छाती उचलू लागला किंवा वळू लागला असेल, तर झोळी आजच सोडवा, कारण तो त्यातून पडू शकतो किंवा कापडात अडकू शकतो. घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल तर रिकामी झोळी तशीच लोंबती ठेवूच नका.

तुमच्या हातचं तेल लावणं मात्र पुन्हा सुरू करा, आणि सकाळऐवजी दिवेलागणीच्या सुमारास करा. पंधरा मिनिटं तेल, कोमट पाण्यानं आंघोळ, मऊ कपडे, दूध, अंगाई, हाच क्रम रोज त्याच वेळी. आठवड्याभरात बाळ तेल लागलं की पेंगू लागतं. ओव्याची किंवा शेपांची धुरी तेवढी वगळा. बाळाच्या फुप्फुसांना कुठलाच धूर सोसत नाही.

प्रश्न : पाच महिन्यांची मुलगी झोपेत पालथी पडते आणि रडत उठते. रात्रभर सरळ करत बसायचं का? — ठाणे

उत्तर : झोपवताना दरवेळी उताणंच ठेवा. दोन्ही बाजूंनी स्वतःहून वळता येत असेल, तर झोपेत ती ज्या स्थितीत जाईल तिथे राहू द्या. फक्त एकाच बाजूला वळता येत असेल, तर ती पालथी अडकून रडते. तिला न बोलता सरळ करा आणि दिवसा गादीवर वळण्याचा भरपूर सराव द्या. दहा-पंधरा दिवसांत प्रश्न मिटतो. वळण्याची पहिली चिन्हं दिसताच दुपट्यात गुंडाळणं बंद करा. हात बांधलेले असताना पालथं पडलेलं बाळ तोंड वर काढू शकत नाही. गादीवरून उशी, लोड, गोधडी, खेळणी सगळं उचला. गळ्यातला काळा दोरा आणि मणी काढून ठेवा.

आपल्याकडे बहुतेक बाळं आईजवळच झोपतात. बाळाची गादी आईच्या खोलीत पण वेगळी, हे सर्वांत सुरक्षित. ते शक्य नसेल, तर बाळाला दोघांच्या मध्ये न ठेवता आईच्या एका बाजूला ठेवा, त्याच्याजवळ पांघरूण आणि उशी येऊ देऊ नका, केस बांधा, लांब मंगळसूत्र काढा, भिंत आणि गादी यांत फट ठेवू नका. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, त्या रात्री कोणी दारू किंवा झोपेची गोळी घेतली असेल, बाळ ३७ आठवड्यांआधी जन्मलेलं असेल किंवा जन्माचं वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, तर एका अंथरुणात अजिबात झोपू नका. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डुलकी काढणं सगळ्यांत धोक्याचं.

प्रश्न : मुलगा साडेआठ महिन्यांचा. रात्री उठून पाळण्याचा कठडा धरून उभा राहतो, मग बसता येत नाही म्हणून रडतो. दहा वेळा आडवं केलं तरी दहा वेळा उभा. मी गेल्याच महिन्यात कामावर रुजू झाले. तेव्हापासून रात्री दूधही फार मागतो. नवरा म्हणतो, रडू दे, शिकेल. — पुणे

उत्तर : तुमच्याकडे तीन कारणं एकाच वेळी आली आहेत, म्हणून रात्री इतक्या कठीण वाटतात.

पहिलं, उभं राहण्याची नवी विद्या. मेंदू ती रात्रीही घोकत असतो. बाळाला उभं राहणं आधी येतं, खाली बसणं दोन-तीन आठवड्यांनी. म्हणून दिवसा बसायला शिकवा. तो सोफा धरून उभा असताना आवडतं खेळणं पायाजवळ जमिनीवर ठेवा, कमरेला दोन्ही हातांनी धरा, गुडघे हलकेच वाकवून खाली न्या. दहा-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पाळणाघरातल्या ताईंनाही हेच सांगा. रात्री एक-दोनदा आडवं करा, त्यानंतर नाही. पुन्हा पुन्हा आडवं करणं हा त्याला खेळ वाटतो. शेजारी बसा, गादीवर हात थोपटा, नजर खाली ठेवा. थकला की तो बसतो, मग पाठीवर हात ठेवून आडवा करा. पाळण्याची गादी आजच सर्वांत खालच्या पायरीवर आणा आणि ज्यावर पाय देता येईल असं काही आत ठेवू नका. जमिनीवर गादी घालून झोपवत असाल, तर आजूबाजूचे प्लग, वायरी, पडद्याच्या दोऱ्या आवरा.

दुसरं, विरहाची भीती. या वयात बाळाला कळतं की आई दिसत नसली तरी कुठेतरी आहे. ती परत येईल हे मात्र अजून कळलेलं नसतं. पदराआड तोंड लपवून पुन्हा दाखवण्याचा खेळ दिवसातून चार वेळा खेळा. तो नुसता करमणुकीचा नाही, ‘गेलेलं परत येतं’ हा त्याचा धडा आहे. सकाळी नजर चुकवून निघू नका. टाटा करा, रडला तरी करा. चोरून गेलात तर रात्रीही तो तुम्हाला नजरेआड होऊ देणार नाही.

तिसरं, दुधाची वेळ उलटणं. दिवसा आई नाही म्हणून बाळ दिवसभर कमी पितं आणि भरपाई रात्री करतं. २६ आठवड्यांची रजा संपवून रुजू होणाऱ्या अनेकजणी हे लिहितात. निघण्याआधी एकदा, घरी आल्या आल्या एकदा आणि झोपण्याआधी एकदा असं निवांत पाजा. आल्यावर पहिला अर्धा तास स्वयंपाकघरात जाऊ नका, त्याला द्या. भाजी कोणीतरी दुसरं टाकेल. दिवसा वरच्या आहारात डाळ-तांदळाची मऊ खिचडी तुपासह, अंड्याचा बलक, नाचणी असं घट्ट, पोट भरणारं हवं. नुसत्या वरणाच्या पाण्यानं पोट भरत नाही.

आणि संध्याकाळी पाचनंतरची तिसरी डुलकी अजून चालू असेल, तर ती बंद करायची वेळ आली आहे. नऊ महिन्यांच्या आसपास दोन डुलक्या पुरतात. शेवटची डुलकी साडेतीन-चारला संपली की साडेसात ते आठला रात्रीची झोप लागते. ही डुलकी काढताना आठवडाभर रात्री अर्धा तास लवकर झोपवा.

‘रडू दे’बद्दल. सहा महिन्यांनंतर ठरावीक वेळानं जाऊन धीर देत शिकवण्याच्या पद्धतींचा चांगला अभ्यास झालेला आहे. ऑस्ट्रेलियात सात महिन्यांच्या वयात झोपेची तक्रार असलेल्या बाळांचा सहा वर्षांपर्यंत पाठपुरावा केला गेला. २०१२ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत अशा पद्धतींचा कायमचा तोटा दिसला नाही आणि कायमचा फायदाही दिसला नाही. म्हणजे तुम्ही हे केलं तर गुन्हा नाही, केलं नाही तर नुकसान नाही. पण आई नुकतीच कामावर गेली आहे आणि बाळ उभं राहायला शिकतंय, अशा महिन्यात ते सुरू करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. घडी बसू द्या, मग ठरवा.

जाता जाता लोहाचं. लोह कमी असलेली बाळं झोपेत फार पाय झाडतात, वारंवार उठतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना सरकारी कार्यक्रमातून आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं औषध मिळतं. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात, त्यांच्याकडे चौकशी करा. खाजगी डॉक्टरांकडून लोहाचे थेंब सुरू असतील, तर हे वेगळं देऊ नका, एकच चालू ठेवा.

प्रश्न : दात येताना १०२ ताप आणि रात्रभर रडणं चालतं का? — कोल्हापूर

उत्तर : ताप चालत नाही. दातानं हिरड्या दुखतात, लाळ गळते, किंचित अंग कोमट लागतं. तेही दात वर येण्याच्या आगेमागे तीन-चार दिवस. १०० च्या वर ताप असेल तर दुसरं कारण शोधायला हवं, बहुधा कान, घसा किंवा लघवीचा संसर्ग. हिरड्यांसाठी फ्रिजमध्ये गार केलेलं ओलं स्वच्छ फडकं चावायला द्या. बधिर करणारं जेल लावू नका.

पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलं असेल तर बाटली नीट वाचा. थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५०. आठ किलोच्या बाळाला एका वेळी साधारण ८० ते १२० मिलिग्रॅम लागतं. सिरपच्या चमच्यानं थेंबांचं औषध दिलं तर दुप्पट ते चौपटीहून जास्त जातं, आणि रात्रीच्या घाईत ही चूक घडते.

झोप मोडण्यासोबत पुढचं काही दिसलं तर ‘वाढीचं वय’ म्हणून थांबू नका : तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा अधिक ताप, भरभर श्वास, दूध नाकारणं, शू कमी होणं, टाळू फुगणं, उठवूनही न उठणं. थांबून थांबून पाय पोटाशी घेत किंचाळणं, मध्ये निपचित पडणं, उलट्या आणि शीतून रक्त, असं असेल तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या. आतडं आतड्यात अडकलेलं असू शकतं.

प्रश्न : बाळ सहा महिन्यांचं होत आलंय. तीन आठवडे मी सलग दोन तास झोपलेले नाही. काल रात्री मला त्याचा इतका राग आला की त्याला हलवून टाकावंसं वाटलं. — नाव नको

उत्तर : हे लिहिलंत, फार बरं केलंत. अशा क्षणी बाळाला उताणं सुरक्षित जागी ठेवा, दार लोटा आणि पाच-दहा मिनिटं बाहेर या. तेवढं रडण्यानं बाळाला काही होत नाही. जोरात हलवण्यानं मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आजपासून रात्रीचे दोन भाग करा : नऊ ते दोन दुसऱ्या कुणीतरी उठायचं, बाळ फक्त पाजायला तुमच्याकडे आणायचं आणि लगेच परत न्यायचं, दोननंतर तुम्ही. सलग चार तासांची झोप ही तुमची आत्ताची पहिली गरज आहे, पाहुणे आणि भांडी नंतर. बाळ झोपलेलं असतानाही तुम्हाला झोप येत नसेल, सतत रडू येत असेल, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर आजच घरात कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना भेटा. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येतं, मराठीतही. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे, तो उपचारानं बरा होतो, आणि अंगावर पाजत असतानाही चालणारी औषधं आहेत.

प्रश्न : आमचं बाळ दोन महिने आधी जन्मलं. आता सहा महिन्यांचं आहे आणि चार महिन्यांच्या बाळासारखं उठतंय. मागे पडलंय का? — नाशिक

उत्तर : नाही. झोपेची रचना जन्मतारखेप्रमाणे नाही, ठरलेल्या प्रसूतीच्या तारखेप्रमाणे घडते. तुमचं बाळ त्या हिशेबानं चारच महिन्यांचं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाही लागू.

प्रश्न : मुलगी १४ महिन्यांची. सकाळची डुलकी घेत नाही, दुपारी पाचला झोपते आणि रात्री अकरापर्यंत जागी. एकच डुलकी करावी का? — नागपूर

उत्तर : दोन आठवडे सलग असंच होत असेल तर हो, १४ ते १८ महिने हे त्याचं वय. चार-पाच दिवसच झाले असतील तर थांबा, कारण चालायला लागताना डुलकी नाकारणं तात्पुरतं असतं. एक करायची तर सकाळची डुलकी दर तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं पुढे ढकलत साडेबारापर्यंत आणा. जेवण साडेअकराला उरका, नाहीतर ताटावरच झोपेल. दुपारी साडेतीननंतर झोपू देऊ नका. या दोन-तीन आठवड्यांत ती संध्याकाळी सहापासून चिडचिडेल; तेव्हा गाडीतून फेरफटका टाळा, दहा मिनिटं जरी डोळा लागला तरी रात्रीचं गणित पुन्हा अकरावर जातं. रात्रीचं जेवण साडेसहाला देऊन साडेसातला झोपवा. विदर्भातल्या उन्हाळ्यात साडेसातला खोली तापलेली असते, म्हणून पाचपासूनच पडदे, कूलर आणि खिडक्यांची सोय करा. कूलर खोलीबाहेरून लावा, झोत अंगावर नको, आणि मानेमागे हात लावून पाहा : घाम असेल तर कपड्यांचा एक थर कमी करा.